मराठी बोलणारे बेने इस्राएल : त्यांचे आचार व सणवार

मराठी ही ज्यांची मातृभाषा आहे अशा धर्मसमाजांची नावे सांगा, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशी उत्तरे भराभर येतात. मुसलमानांचे नाव घ्यावयास मुले थोडी थांबतात, आणि समोर उभे असलेल्या आमच्याकडे पाहून हसतात. यहुद्यांचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. यहुदी म्हटला की थोरामोठ्यांना १९५८ सालचा दिलीपकुमारांचा चित्रपट आठवतो, आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअरचा शायलॉक. घरी मराठीत बोलणारा, मराठीत भांडणारा आणि मराठीत कीर्तन करणारा यहुदी समाज कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे नांदला, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटते. या समाजाचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरे.

महोत्सवी स्मरणिकेसाठी अभ्यासपर असे काही लिहावे, ही न्यासाच्या मंडळींची सूचना आली तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. त्याला कारण आहे. आपण सारी मूळ मुलखापासून दूर, मालव्यात राहून आपली भाषा व आपले रीतिरिवाज सांभाळणारी माणसे. रीतिरिवाज टिकतात कशाने, हा आपल्या घरातला रोजचा प्रश्न आहे. ज्यांच्याजवळ ग्रंथ उरला नाही, पुरोहित उरला नाही, मंदिर तर नव्हतेच, अशा मूठभर लोकांनी आपला धर्म कसा टिकविला, याचे बेने इस्राएलांइतके चांगले उदाहरण मराठी मुलखात दुसरे आम्हांस ठाऊक नाही. पश्चिम आशियातील राजकारणाशी या लेखाचा संबंध नाही. हा समाज व त्याचे आचार १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रापेक्षा कितीतरी जुने आहेत.

समाजाची आपल्या उगमाविषयीची कथा अशी. फार प्राचीन काळी यहुद्यांचे एक गलबत कोकण किनाऱ्याजवळ, अलिबागच्या उत्तरेस नवगावपाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावला पुरली. ती जागा आजही दाखविली जाते व तेथे स्मारक उभे आहे. सामानाबरोबर धर्मग्रंथही समुद्रात गेले. ही घटना कोणत्या शतकातली यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि गलबत फुटून सात जोडपी वाचण्याची कथा किनाऱ्यावरच्या इतरही समाजांत सांगितली जाते. परंतु मूळ परदेशी रक्ताचा दावा निराधार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात या समाजात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा अंश आढळला. कथेतले सात हा आकडा धरावा की सोडावा, ते ज्याचे त्याने ठरवावे. आपल्याला महत्त्वाचे ते पुढे आहे.

वाचलेल्यांच्या वंशजांनी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, गावोगावी वस्ती केली. गावावरून आडनावे पडली : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. सामाजी, हसाजी अशी नावे रूढ झाली. सॅम्युअलचा सामाजी झाला तो याच मातीत. धंदा पत्करला तेल गाळण्याचा. घाण्याला बैल जुंपावा, तीळ, करडई, खोबरे गाळावे व गावात तेल विकावे, हा त्यांचा चरितार्थ. शेतीही होती.

आता कोकणात तेली होतेच. ते शंकराचे भक्त, म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवीत. या नव्या तेल्यांचा घाणा शनिवारी बंद असे. लोकांनी साधा हिशेब केला : ते सोमवार तेली आणि हे शनवार तेली. शेजाऱ्यांना तोरा ठाऊक नव्हता, मोशे ठाऊक नव्हता. पण या घरचे तेल शनिवारी मिळावयाचे नाही एवढे मात्र पक्के ठाऊक होते. शब्बाथ हा यहुदी धर्माचा कणा. सहा दिवस काम करावे व सातवा दिवस विश्रांतीचा पवित्र दिवस म्हणून पाळावा, ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा. ती ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ या लोकांजवळ नव्हता. तो वाचावयाची भाषा विसरली होती. तरी आठवड्यातून एक दिवस घाणा थांबत होता. हाच त्यांचा ग्रंथ, असे आम्हांस वाटते.

शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यावर लागतो, कारण यहुदी दिवस मावळतीपासून मावळतीपर्यंत मोजतात. मुसलमानांचीही गणना तशीच आहे. चांदरात आधी व ईद नंतर, हे आपल्या शेजारपाजारी सर्वांना माहीत असते. शुक्रवारी दुपारीच घरातली बाई स्वयंपाक उरकते, कारण शनिवारी चूल पेटवावयाची नाही. दिवस कलता तेलाचा दिवा लावून ती आशीर्वचन म्हणते. मग द्राक्षरसाच्या पेल्यावर प्रार्थना. कोकणात द्राक्षांची दारू कोठून मिळणार? तेव्हा काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुसकरून, गाळून त्यांचे सरबत करण्याची रीत पडली, आणि ती आजही चालू आहे. बाटलीतली द्राक्षासव परवडणारी कुटुंबेही मनुकांचेच सरबत करतात, तेव्हा नाइलाजातून निघालेली गोष्ट परंपरा कशी होते ते दिसून येते.

शब्बाथाबरोबर आणखी तीन गोष्टी टिकल्या होत्या. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. (मुसलमानांत खतनेला असा ठराविक दिवस नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा.) खाण्यापिण्यातील विधिनिषेध. आणि 'शेमा इस्राएल' या प्रार्थनेचे पहिले शब्द, ज्यांचा अर्थ आहे : हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव एकच आहे. बाकीची हिब्रू विसरली, एवढे वाक्य राहिले. जन्म, लग्न, मृत्यू, कोणताही प्रसंग असो, म्हणावयाचे ते हेच. कलमा-ए-तय्यबाचा पहिला भाग ज्यांच्या ओठांवर आहे त्यांना या वाक्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

खाण्यापिण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण समाजाची ओळख पटली ती माशांवरून. बेने इस्राएलांत सांगतात की डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी व्यापारी कोकणात आला. शनिवार पाळणारे हे लोक कोण, याची त्याला शंका आली. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधावयास सांगितले. त्यांनी ज्यांना पर व खवले दोन्ही आहेत तेवढेच मासे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. तोराचा नियम नेमका हाच आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांना खवले नाहीत म्हणून त्या वर्ज्य. राहाबीला खूण पटली. हा राहाबी कधी होऊन गेला याविषयी समाजाची परंपरा फार मागे जाते; इतिहासाला माहीत असलेला डेव्हिड एझिकेल राहाबी हा कोचीनचा व्यापारी अठराव्या शतकातला. या कथेत आम्हांला सर्वांत आवडते ती गोष्ट ही, की परीक्षा पुरुषांची झाली नाही. प्रश्न विचारला गेला स्वयंपाकघराला, आणि उत्तर दिले ते बायकांनी, तेही एक शब्द न बोलता.

हनफी मतानेही खेकडे, शिंपल्या वर्ज्यच आहेत, त्यामुळे मालव्यातील मुसलमान वाचकांना हा नियम परका वाटू नये. दुसरा नियम मात्र निश्चित परका वाटेल : मांस आणि दूध एकत्र आणावयाचे नाही. दह्यात मुरविलेले मटण नाही, तुपातली बिर्याणी नाही, जेवणानंतर लगेच फिरनी नाही. आमच्या घरातल्या मंडळींना हे सांगितले तेव्हा त्यांना त्या लोकांची दया आली. पण कोकणात दयेचे कारण नव्हते. नारळ होता. गाईम्हशीच्या दुधाच्या जागी नारळाचे दूध आले. त्यात मासळीचे कालवण झाले, मटणाचा रस्सा झाला, आणि गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्याच दुधात शिजला. तो मटणाच्या जेवणानंतर खुशाल खावा. पुष्कळ कुटुंबे शेजाऱ्यांच्या भावना जाणून गोमांसही वर्ज्य मानीत, यद्यपि त्यांच्या धर्मात त्याला मनाई नाही.

राहाबीने तीन तरुणांना निवडून त्यांना थोडे धर्मशिक्षण दिले, असे परंपरा सांगते. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती तीन घराणी. त्यांना पदवी मिळाली ती काजी. लग्न, सुंता, तंटेबखेडे यांसाठी काजी गावोगाव फिरत. यहुदी धर्माधिकाऱ्याला 'काजी' कसे म्हणू लागले? किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता होती. न्याय करणारा, लग्न लावणारा तो काजी, हा शब्द गावात तयार होता. तो त्यांनी उचलला. पुढे याच जंजिरा संस्थानाच्या नबाबांकडे बेने इस्राएल गृहस्थ कारभारी म्हणूनही राहिले.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकाच्या सवयीप्रमाणे थोडे शब्दांपाशी थांबू. प्रार्थनामंदिराला इंग्रजीत सिनेगॉग म्हणतात. बेने इस्राएल त्याला म्हणतात 'मशीद'. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधले गेले. हिब्रूत त्याचे नाव शाआर हाराहमीम, म्हणजे दयेचे द्वार, पण समाजात ते 'जुनी मशीद'. नंतर १८४३ सालचे दुसरे निघाले ती 'नवी मशीद'. मध्य रेल्वेवरचे मसजिद स्थानक याच मशिदीच्या नावावरून पडले असे सांगतात. उपवासाला 'रोजा' म्हणत. वर्षारंभापूर्वीच्या एलूल महिन्यात पुष्कळ लोक उपवास धरीत, त्या व्रताचे नाव 'रमजान'. एलियाहू पैगंबराच्या नावाने होणाऱ्या उत्सवाला 'उरूस'. पण ही यादी एकतर्फी नाही. हिंदू शेजाऱ्यांकडून आले ते निराळे : पुरीमचा आनंदोत्सव फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास पडतो, म्हणून तो झाला 'होळीचा सण'. लग्नात मंगळसूत्र आले, लग्नाच्या आधी मेंदी आली. शब्द शेजाऱ्यांचा, आत वस्तू आपली. असे केल्याने धर्म पातळ होतो असे मानणारे लोक सर्व समाजांत आहेत; या समाजाचा दाखला त्यांच्या विरुद्ध जातो.

जुन्या मशिदीच्या जन्माची कथा आम्ही सांगितल्यावाचून राहणार नाही. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या हाती सापडले. कैद्यांची विचारपूस होत असता त्यांनी आपली जात 'बेने इस्राएल' सांगितली. टिपूच्या आईने ते ऐकले. बनी इस्राईल हे नाव कुराण शरीफात वारंवार येते. सतराव्या सूरेचेच ते एक नाव आहे. ज्यांचे नाव आजवर केवळ पढण्यात आले ते लोक प्रत्यक्ष आहेत, हे कळल्यावर तिने रदबदली केली व सामाजींचे प्राण वाचले. त्यांनी नवस केला होता, तो मुंबईस येऊन फेडला. ही समाजाची आख्यायिका आहे, आणि १७९६ ची इमारत हा तिचा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी दोनशेहून अधिक वर्षे एक यहुदी समाज एका मुसलमान मातेचे स्मरण आपल्या पहिल्या मशिदीच्या कथेत ठेवतो, हे सांगण्यासारखे आहे.

आता सणवार. त्याआधी पंचांगाचे एक गणित, कारण त्यावाचून सणांची ऋतूशी सांगड कळणार नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. अकरा दिवसांची तूट दरसाल पडते. मुसलमान ती तशीच राहू देतात, म्हणून रमजान कधी थंडीत येतो तर कधी वैशाखवणव्यात. हिंदू अधिकमास धरतात. यहुदीही तेच करतात. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, असा त्यांचा हिशेब आहे, आणि आपल्या पंचांगाचा हिशेबही जवळजवळ तोच. म्हणून त्यांचे सण ऋतू सोडीत नाहीत. या तीन पंचांगांचा तक्ता फळ्यावर मांडून दाखविला तर भूगोलाचा एक तास सहज कारणी लागतो.

वर्षारंभ तिश्री महिन्याच्या प्रतिपदेला, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास. त्याचे कोकणी नाव 'नव्याचा सण'. चिकाचा हलवा होतो तो या दिवशी. चौथ्या दिवशी 'खिरीचा सण' : नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर. हा सण जगातल्या दुसऱ्या यहुद्यांना ठाऊक नाही. कोकणातल्या नवान्नाचा तो भाऊ दिसतो. दहाव्या दिवशी योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, वर्षातला सर्वांत पवित्र. मावळतीपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, पांढरी वस्त्रे. जुन्या काळी मशीद नसताना लोक घराची दारे लावून आत बसत, बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ देत नसत. म्हणून त्याचे नाव 'दारफळणीचा सण'. आदल्या दिवशी पितरांचे आत्मे घरी येतात व दारफळणी आटोपल्यावर परत जातात अशी समजूत होती. पितृपक्षही त्याच दिवसांत येतो, आणि शबेबरातीला मुसलमान घरांत मृतांच्या नावाने हलवा करतात तीही याच जातीची भावना. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी दानधर्म करावा व एकमेकांच्या घरी जाऊन भेटावे.

वसंतात वल्हांडण, म्हणजे पेसाह. मिसर देशाच्या गुलामगिरीतून मोशेने इस्राएलांना सोडविले, त्याची आठवण. निघताना पीठ फुगावयास सवड नव्हती, म्हणून आठ दिवस बेखमीर भाकरी खातात. घरातून आंबलेला प्रत्येक पदार्थ काढून टाकतात. जुन्या कोकणी घरात आंबट कढणाचे मडके बाराही महिने असे. या दिवसांत ते झाकून ठेवीत, आणि सणाचे जुने नावच त्या झाकलेल्या मडक्यावरून पडले होते. कोठे मिसरचा फरो आणि कोठे अलिबागचे मडके! पण बायकांनी लक्षात ठेवले ते मडके, आणि त्यामुळे फरोही राहिला.

श्रावणाच्या सुमारास 'बिरड्याचा सण'. यरुशलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले, एकदा बाबिलोनच्या राजाकडून व पुन्हा इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याकडून. त्या दुःखाचा हा उपवास. आदले काही दिवस मांस वर्ज्य. मग खावयाचे काय? मोड आलेल्या वालाचे बिरडे. श्रावणात शेजारच्या घरोघरीही तेच शिजत असे.

हनुक्का नावाचा दिव्यांचा सण मात्र या लोकांना ठाऊक नव्हता. तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील एका विजयाचा उत्सव. त्यावरून आपले पूर्वज त्याआधीच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असा समाजातील अभ्यासकांचा युक्तिवाद आहे. तो चतुर आहे, पण निर्णायक नाही. इतके विसरले त्यात एक सण विसरणे अशक्य नव्हते.

सर्वांत खास बेने इस्राएलांचा म्हणावा असा विधी म्हणजे मलिदा. एलियाहू हनाबी, ज्यांना मुसलमान हजरत इलियास म्हणतात, ते या समाजाचे जणू रक्षणकर्ते पैगंबर. नवस फेडावयाचा, लग्न ठरले, नवे घर घेतले, दुखण्यातून माणूस उठला, मूल परदेशी निघाले की मलिदा करावयाचा. पोहे धुऊन त्यात ओले खोबरे, साखर वा गूळ, वेलदोडा, सुका मेवा घालतात. ताटात त्याची रास करून भोवती खजूर, केळी अशी फळे मांडतात; पाच प्रकारची तरी असावीत. मंडळी भोवती बसते, एलियाहूचे स्तवन गाते, फळांवर आशीर्वचने म्हटली जातात, मग सर्वांना वाटप. पोहे म्हटले की इंदूरकराचे कान उभे राहतात, म्हणून खुलासा करतो : हे पोहे फोडणीचे नव्हेत आणि यांच्याबरोबर जिलेबी नसते. मलीदा हा शब्द फारसी, अर्थ कुसकरलेला. दर्ग्यांत चढतो तो मलीदा पोळी कुसकरून गूळतुपाचा. शब्द तोच, नवसाची भावना तीच, पदार्थ कोकणाने बदलला. आणि प्रार्थना ज्याची केली ती मात्र एका देवाचीच. अलिबागेजवळ सागाव-खंडाळ्याकडे एका खडकावर खुणा आहेत. एलियाहूंचा रथ तेथून आकाशात गेला, त्याच्या घोड्याच्या टापा त्या, असे भाविक मानतात व तेथे जाऊन मलिदा करतात. इस्राएलात गेलेली कुटुंबेही तेथे नवस फेडावयास येतात. धर्माची पवित्र भूमी त्यांना पायाशी आहे, तरी नवस फेडावयाला कोकण लागते.

लग्नाविषयी थोडक्यात. वधू पांढऱ्या साडीत येते तेव्हा वर तिच्याकडे पाहून हिब्रूत गाणे म्हणतो. त्याला गाता येवो न येवो, सुटका नाही. करार वाचला जातो, अंगठी व मंगळसूत्र घातले जाते, शेवटी पेला फोडतात. मशिदीत प्रार्थना आटोपली की लोक एकमेकांच्या हाताला हात लावून स्वतःची बोटे ओठांना लावतात. आमच्याकडील मुसाफह्याशी त्याचे साम्य आहे. आता समाजात सर्व गोड होते असे नाही. गोरे व काळे असे दोन भेद होते, व गोरे काळ्यांशी रोटीबेटीचा व्यवहार करीत नसत. हा भेद पुष्कळसा मावळला. शेजाऱ्यांकडून घेतलेल्या वस्तूंत हीही एक होती, हे नमूद केले पाहिजे.

ग्रंथ परत आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि आला मराठीतून. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थना शिकविल्या. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीत रचले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. झाले उलटे : जुना करार मराठीत वाचावयास मिळाल्यावर बेने इस्राएल आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हागादा १८४६ साली मुंबईत व १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास मुंबईत यहुदी कीर्तने सुरू झाली. मोशेचे आख्यान, योसेफाचे आख्यान, साकी, दिंडी, ओव्या, सर्व काही. हाइम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ साली समाजाची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० पर्यंत तिचे मुख्याध्यापकपद भूषविले. ज्या काळी मुलगी मॅट्रिकला बसणे हीच बातमी होती, त्या काळची ही गोष्ट. डॉ. जेरुशा झिराड, कवी निस्सीम एझिकेल, चित्रपटांतले डेव्हिड (अब्राहम चेऊलकर) ही नावे वाचकांनी ऐकली असतील.

आणि मग समाज निघून गेला. कोणी हाकलले नाही. याची साक्ष ते स्वतःच देतात. १९४८ नंतर धर्मभूमीची ओढ, भाऊबंद गेले म्हणून आपणही, अशी कुटुंबेच्या कुटुंबे गेली. तेथे १९६० नंतर काही धर्माधिकाऱ्यांनी यांच्या लग्नांविषयी शंका घेतली, आणि माशांवरून पटलेली ओळख पुन्हा कागदोपत्री पटवून द्यावी लागली. आंदोलन करून १९६४ साली त्यांनी ती मान्य करून घेतली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते; २०११ मध्ये ४,६५० राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

अडचण संख्येचीच आहे, आणि तिचे रूप फार साधे आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असतील तर तोराची गुंडाळी पेटीतून काढून वाचता येत नाही. ज्या गावांवरून आडनावे पडली त्या गावांतून आज दहा पुरुष जमणे कठीण. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ मशीद आहे. कोकणात इतरत्रही मशिदी उभ्या आहेत, त्यांची झाडलोट होते, पण दहावा माणूस दर शनिवारी मिळेलच असे नाही. कोलकात्यातील यहुदी प्रार्थनामंदिरांची देखभाल तर पिढ्यानपिढ्या मुसलमान सेवकांनी केली आहे. घरातल्या आचाराला मात्र दहा लागत नाहीत. दिवा लावावयास एक बाई पुरते, मनुका भिजवावयास एक हात पुरतो. पूर्वी धर्म तरला तो याच वाटेने.

आपल्या इंदुरात बेने इस्राएलांची मशीद नाही. मुंबईस जाणाऱ्यांनी मात्र एकदा जुनी मशीद पाहून यावी. अगोदर विश्वस्तांची परवानगी घ्यावी व ओळखपत्र जवळ ठेवावे. पुरुषांनी डोके झाकावे. शनिवारी किंवा सणाच्या दिवशी गेल्यास छायाचित्रे काढू नयेत, पेटीत पैसे टाकावयासही जाऊ नये, कारण शब्बाथात पैशाला हात लावीत नाहीत. दान द्यावयाचे तर दुसऱ्या दिवशी. मसजिद स्थानकावर उतरून सॅम्युअल स्ट्रीट विचारावा. त्या भागात मशिदी पुष्कळ आहेत, तेव्हा कोणती, असे कोणी विचारलेच तर इस्राएल लोकांची म्हणून सांगावे.